धातूची झडप आणि वाटीभर घोळीची भाजी

माझ्या छातीत धातूची झडप आहे आणि ती वाजते. खोलीत शांतता असली तर शेजारी बसलेल्यालाही टिकटिक ऐकू जाते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आमचे हे म्हणाले, "बरं झालं. भिंतीवरच्या घड्याळाला आता सेल आणायला नको."

चुडाव्याला आमची पिठाची गिरणी आहे. ती मी चालवते, हे शेती बघतात. लिहिण्याचा मला सराव नाही. पण दवाखान्याच्या बाकड्यावर माझ्यासारख्या चार-पाच जणी भेटल्या, आणि डॉक्टरांच्या एका साध्या प्रश्नाला त्या प्रत्येकीने तेच उत्तर दिलं जे मी दिलं होतं. अगदी प्रामाणिकपणे दिलेलं आणि साफ चुकीचं. त्या उत्तरापायी मी मरता मरता वाचले. म्हणून लिहिते आहे.

कळलं तो दिवस

वर्षभर दम लागत होता. दळणाचा डबा उचलला की थांबावं लागे. आडवं झालं की छातीवर कुणी बसल्यासारखं वाटे, म्हणून भिंतीला टेकून झोपायला लागले. पित्त असेल, वय असेल, पिठाची धूळ असेल असं म्हणत दिवस ढकलले. मग एकदा परभणी स्टेशनचा दादरा, म्हणजे रुळांवरचा पूल, चढताना निम्म्यात बसले ती उठलेच नाही. दोघा अनोळखी माणसांनी खाली आणलं.

परभणीतल्याच हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी छातीवर थंड मलम लावून यंत्र फिरवलं. पडद्याकडे बघतच विचारलं, "लहानपणी ताप येऊन सांधे सुजायचे का?"

"सुजायचे. एक वर्ष शाळा बुडली होती."

त्या तापाने तेव्हाच हृदयाची एक झडप खाल्ली होती. चाळीस वर्षं ती तशीच कुरकुरत चालली, आता चालेना. बदलावी लागेल, म्हणाल्या. मी विचारलं, "दळण परत कधी सुरू करता येईल?" हे उठून चहा आणायला गेले आणि आम्ही दोघंच असताना पाच कप घेऊन आले. हे किती घाबरलेत ते मला तेव्हा कळलं.

दवाखाना

ऑपरेशन संभाजीनगरला झालं. त्यातलं मला काहीच आठवत नाही आणि सांगण्यासारखंही काही नाही. आठवतं ते आदल्या दिवशीचं. अंगावरचं सगळं काढून द्यायचं होतं. मंगळसूत्र निघालं, जोडवी निघेनात. तीस वर्षांत बोटं जाड झालेली. सिस्टरने साबण लावून ओढली. तोवर मी धीराची होते. जोडवी पिशवीत पडल्याचा आवाज आला आणि मी सिस्टरचा हात घट्ट धरला.

शुद्धीवर आल्यावर दिवसाचा क्रम ठरलेला. पहाटे पाचला ताप बघायचा, सहाला अंग पुसायचं, मग तीन गोळ्यांचं खेळणं तोंडात धरून श्वास ओढायचा आणि त्या गोळ्या वर न्यायच्या. दोन जात, तिसरी जाईना. अकराव्या दिवशी तिसरी गेली तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने टाळी वाजवली. हात वर होत नव्हते, तर सफाईवाल्या मावशी रोज येऊन माझी वेणी घालून जायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "केसं मोकळे असले की बाई आजारी दिसती."

घरी सोडताना डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचं समजावून सांगितलं. धातूवर रक्ताची गाठ धरू नये म्हणून ही गोळी जन्मभर. महिन्याला रक्त तपासायचं. एक आकडा येतो. माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. खाली गेला तर झडपेवर गाठ धरते, वर गेला तर कुठूनही रक्त सुटतं.

"झडपेचा आवाज दबल्यासारखा वाटला तर एक तासही थांबू नका," डॉक्टर म्हणाले. आणि मग तो प्रश्न विचारला. "पालेभाज्या कोणकोणत्या खाता?"

"पालेभाजी कुठली आमच्याकडे? पालक मला आवडत नाही. मेथी थंडीत, कधीतरी."

सिस्टरने कागदावर लिहिलं, 'पालेभाजी: नाही.'

खुरपणीचे दिवस

परभणीत दर महिन्याला डॉक्टरीणबाईंकडे तपासणी सुरू झाली. उन्हाळा झकास गेला. आकडा दोन पॉइंट आठ, तीन, दोन पॉइंट आठ. मी गिरणीत खुर्ची टाकून बसायला लागले. दळण कमी आणि सल्ले जास्त अशी गत होती. कुणी म्हणे हळदीचं पाणी घ्या, कुणी म्हणे लसूण कच्चा चावा. मी सगळ्यांना "बरं" म्हणायची आणि काही घ्यायची नाही. त्यात मी हुशार होते.

पेरण्या झाल्या, सोयाबीन वीतभर आलं, खुरपणी सुरू झाली. माझी धाकटी जाऊ शेवंता, दीर पुण्याकडे कंपनीत असतात म्हणून ती आमच्यातच राहते, रोज संध्याकाळी रानातून ओटीत घोळ घेऊन यायची.

घोळ शहरातल्यांना माहीत नसेल तर सांगते. जमिनीलगत पसरणारं, जाड लालसर देठाचं, गुबगुबीत बारीक पानांचं तण. उपटून बांधावर फेकलं तरी दोन दिवसांनी तिथेच मूळ धरतं. बाया खुरपताना शिव्या घालतात आणि घरी जाताना तेच ओटीत भरतात. चव आंबटसर. माती लय असते, तीन पाण्यांनी धुवावी लागते. लसणाची फोडणी, मूठभर भिजवलेली तुरीची डाळ आणि वरून घोळ. बुळबुळीत लागली तर ज्वारीच्या कण्या घालायच्या. गरम भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही. औषध म्हणूनही आमच्याकडे हिचा मान आहे. लघवीला आग होत असली, मूळव्याध उठली, तोंड आलं की घोळ खा म्हणतात. तळपायाची आग झाली तर वाटून लावतात. आग थांबते, हे मी स्वतः अनुभवलेलं आहे.

शेवंता म्हणाली, "अक्का, दवाखान्याच्या गोळ्यानं लय उष्णता व्हायलीय तुमाला. घोळ थंड असती. रगतबी वाढतंय. खावा."

मी खाल्ली. रोज दोन्ही वेळा, ताट भरून.

आकडा आला एक पॉइंट सात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी चुकवलीत?" मी नाही म्हटलं. त्यांनी गोळी वाढवली. पंधरा दिवसांनी एक पॉइंट नऊ. परत वाढवली. "खरं सांगा, चुकते ना कधी?" माझा पारा चढला. गिरणीत बारा बायांचे डबे बारा वर्षांत कधी बदलले नाहीत, मी गोळी विसरेन?

पण घरी ह्यांनाही तोच संशय. रोज समोर बसून गोळी गिळायला लावत. "आ कर. जीभ वर कर."

"मी काय बैल आहे का, दात मोजायलाय?"

"बैलाला इतकं सांगावं लागत न्हाई."

भांडण व्हायचं, पण त्याखाली भीतीच होती. दुपारी गिरणी बंद करून, पंखाही बंद करून आम्ही दोघं समोरासमोर बसायचो आणि झडपेचा आवाज ऐकायचो. हे डोळे मिटून मान तिरकी करत. आवाज नेहमीसारखाच असला की म्हणत, "चालू हाय," आणि पंखा लावत. लग्नाला एकतीस वर्षं झाली, इतकं लक्ष देऊन त्यांनी माझं दुसरं काही ऐकलं नव्हतं.

पंचमी

नागपंचमीला आमच्या भागात सासुरवाशिणी माहेरी जातात. शेवंता राणीसावरगावला गेली. पंधरा दिवस राहून ये, मीच म्हटलं.

आठव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. थोडंच होतं, सोडून दिलं. नवव्या दिवशी डब्याची कड दंडाला लागली ती जागा पोळीएवढी काळीनिळी झाली. दहाव्या दिवशी सकाळी नाकातून धार लागली. अर्धा तास चिमटीत धरून बसले, थांबेना. पदर भिजला, टॉवेल भिजला. ह्यांनी शेजारची जीप आणली आणि परभणीला नेलं.

आकडा सहाच्या वर गेला होता. गोळी बंद, सुई, सलाईन, तीन दिवस मुक्काम. त्या तीन दिवसांत मला पहिल्यांदा खरंच वाटलं की आपलं संपलं. खाली गेला तरी मरण, वर गेला तरी मरण, आणि हा वर-खाली का जातो ते कुणालाच सांगता येईना. आजारापेक्षा ते न कळणंच जास्त घाबरवतं.

कॅलेंडर

घरी आले त्या दुपारी स्वयंपाकघरात खाटेवर पडून होते. समोर भिंतीवर कॅलेंडर. आम्ही त्याच्या चौकटींत सगळं लिहितो. गाय कधी फळली, गॅस कधी लावला, पाहुणे कधी आले. माझे आकडेही मी तिथेच लाल पेनने लिहीत होते. उठून मागची पानं उलटली. 'खुरपणी सुरू' लिहिलेलं, त्याच्यानंतरच्या आठवड्यात एक पॉइंट सात. 'शेवंता माहेरी' लिहिलेलं, त्याच्यानंतर दहा दिवसांनी सहा.

मी ह्यांना हाक मारली. "शेवंता नव्हती तेव्हा मी काय खाल्लं?"

"वांगी. बटाटे. तीन बार पिठलं." आणि लगेच, "माझ्या पिठल्यानं झालं म्हणू नकोस हां."

"पिठल्यानं नाही. घोळ बंद झाली म्हणून."

"घोळ?" हे म्हणाले. "ते तर तण हाय."

तिथेच सगळं होतं. डॉक्टरांनी भाजी विचारली. आमच्या डोक्यात भाजी म्हणजे जी पेरतात किंवा बाजारातून आणतात ती. घोळ तण आहे. तण कुणी भाजीत धरतं का? दोन्ही वेळा ताटभर खाऊन मी शपथेवर सांगितलं असतं की मी पालेभाजी खात नाही.

भासरे आणि भावजय

दवाखान्याचं कळून संध्याकाळी शेवंता परत आली. आमच्याकडे मोठा दीर, म्हणजे भासरे, धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. त्यामुळे हे माझ्याकडे तोंड करून ओरडले, "तिला सांग, ह्या घरात परत घोळ दिसली तर बघ!"

शेवंता दाराआडून माझ्याकडेच बघत म्हणाली, "अक्का, त्यांना सांगा, म्या काय जहर घातलं न्हाई. माझ्या मायनं मला बाळंतपणात हीच खाऊ घातली."

"तिला सांग, बाळंतीण येगळी अन् झडप येगळी!"

"त्यांना सांगा, दवाखान्यात भाजी इचारली तवा ते कुठं व्हते?"

मी मध्ये बसून इकडून तिकडे बघत होते. दोघांचा आवाज चढलेला आणि दोघंही माझ्यावर ओरडत होते. शेवटी म्हटलं, "मला ऐकू येतं. झडप बदललीय, कान नाही."

शेवंता आत गेली. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ताटात वांगं, मान खाली. जिने सहा महिने मला उचलून बसवलं, न्हाऊ घातलं, तिलाच वाटायला लागलं होतं की आपण अक्काला मारत होतो. हे मला आकड्यापेक्षा वाईट वाटलं. पाचव्या दिवशी म्हटलं, "रानातून मूठभर घोळ आण. डॉक्टरला दाखवायची आहे. तूही चल."

पिशवीतलं तण

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मी पिशवी उपडी केली. त्यांनी पानं उलटसुलट करून बघितली. "हे काय आहे?"

उत्तर सिस्टरने दिलं. ती जिंतूरकडची. "अय्या, घोळ! मॅडम, हिची भाजी लय भारी होते."

मी कॅलेंडरची पानं फाडून नेली होती, ती पुढे ठेवली. डॉक्टरीणबाईंनी तारखांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी समजावलं. हिरव्या पानांत रक्त गोठवणारं जीवनसत्त्व असतं. गोळी त्याच्या उलट ओढते. पानं वाढली की गोळी हरते, म्हणून त्यांनी गोळी वाढवली. मग पानं एकदम गेली आणि वाढवलेली गोळी एकटी उरली. एका जुवातला एक बैल सोडून द्यावा तशी गाडी भलतीकडे गेली.

शेवंताने हळूच विचारलं, "म्हंजी घोळ वाईट हाय?"

"नाही हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चांगलीच आहे. कधी ताटभर आणि कधी शून्य, ते वाईट. रोज सारखी खा, आम्ही गोळी त्या हिशोबाने बसवू. किंवा अजिबात खाऊ नका. काय जमेल ते ठरवा."

ह्यांचं मत 'अजिबात नको'. मी विचार केला. पावसाळ्यात आमच्या घरात, शेजारी, रानात जेवताना, प्रत्येक ताटात ती असते. आज नाही म्हणेन, उद्या कुणाच्या घरी घास जाईल. पाळता येणार नाही असा नियम करण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, "रोज. एक वाटी."

"बारा महिने मिळेल?"

"ते मी बघते."

निघताना सिस्टर भिंतीवरच्या छापील तक्त्यापाशी गेली. पालक, मेथी, शेपू, चुका अशी यादी होती. तिने खाली पेनने लिहिलं, 'घोळ'. आणि मला विचारलं, "अजून काय काय खाता रानातलं?" शेवंता एकेक नाव सांगत गेली. तांदुळजा, कुंजीर, पाथरी, तरोटा. तक्त्याखाली जागा पुरेना.

तणाला पाणी

गिरणीमागे चिरलेले टब आणि जुनी घमेली पडली होती. शेवंताने त्यात माती भरली आणि घोळीचे देठ तोडून नुसते खोचले. आठ दिवसांत धरले. भांडी विसळलेलं पाणी त्यांना जायला लागलं. बांधावरचं आणायचं बंद केलं, कारण आता अर्ध्या रानात तणनाशक मारतात आणि मारलेलं कोणतं हे पानाकडे बघून कळत नाही.

दळण घेऊन येणाऱ्यांची करमणूक झाली. "काकू, उपटून उपटून हात मोडले आमचे, अन् तुमी घरात तण लावायलाव व्हय?" एक आजोबा तर रोज विचारायचे, "यंदा घोळीला भाव काय म्हणतोय?" मी दळत राहिले. थंडीत वाढ मंदावली तेव्हा शेवंता टब उन्हाबरोबर सरकवायची. सकाळी पूर्वेला, दुपारी भिंतीकडे. उन्हाळ्यात सगळ्या गावात हिरवं पान नव्हतं आणि माझ्या घमेल्यात घोळ लोंबत होती.

शिजवलेली एक वाटी, सपाट, शीग न लावता. दुपारच्या जेवणात. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त दिलं, गोळी कमी-जास्त करत दोन महिन्यांत बसली. त्यानंतर दोन पॉइंट सहा, तीन, दोन पॉइंट आठ, तीन, तीन. ह्यांनी जीभ बघणं सोडलं. दुपारी पंखा बंद करून ऐकणं मात्र सोडलं नाही. मीही सोडायला सांगितलं नाही.

माझ्यासारखी गोळी चालू असलेल्यांनी माझी वाटी उचलू नये. माझी गोळी माझ्या वाटीला बसवलेली आहे. मूतखडा असेल, मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर घोळ सोसत नाही, हेही मला डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. तुम्ही एवढंच करा. काय खाता विचारलं की बाजारातलं सांगून थांबू नका. बांधावरचं सांगा, काढा सांगा, शेजारणीने दिलेली पुडी सांगा. तोंडात गेलं ते सगळं सांगा.

यंदाची पंचमी

यंदा पंचमी जवळ आली तशी शेवंता माहेरी जायचं नाव काढेना. विचारलं तर म्हणाली, "यंदा न्हाई जात. मागच्या बारीला मी गेले अन्..."

मी तिची पिशवी स्वतः भरली. "जा. तू नसताना आकडा राहिला तरच तो खरा. नाहीतर जन्मभर मला तुझ्या पदराला बांधून घ्यावं लागेल."

जाताना तिने ह्यांच्यासाठी निरोप माझ्याकडे ठेवला. "त्यांना सांगा, टबाला जास्त पाणी घालू नका, सडतंय."

पंचमीच्या दिवशी आमच्याकडे काही चिरत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत. शेजारीण म्हणाली, आज राहू दे तुझी भाजी, एक दिवसाने काय होतं. मी घोळीची पानं हाताने खुडली, डाळीत सोडली आणि उकडली. हिला विळी लागतच नाही. नागोबाचाही मान राहिला आणि झडपेचाही.

दहा दिवस हे टबांना पाणी घालत होते आणि मी वाटी भरत होते. अकराव्या दिवशी आम्ही परभणीला गेलो. गेल्या वर्षी याच दिवसांत मला दवाखान्याच्या दारातून उचलून आत नेलं होतं. यंदा मी दादरा चढून, न थांबता, पलीकडे उतरले. हे मागे राहिले होते.

कागद हातात आला आणि दवाखान्याच्या पायरीवरूनच शेवंताला फोन लावला. पहिल्या घंटीला उचलला. मागे बायांचा गलका चालला होता.

"अक्का, किती?"

"दोन पॉइंट नऊ."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "म्हंजी माझ्याबिगर बी भागायलंय की तुमचं."

"आकड्याचं भागलं," मी म्हटलं. "दळण तुंबलंय. उद्याच्या गाडीनं ये."

शेजारी उभे असलेले हे कधी नव्हे ते फोनकडे वाकले आणि थेट तिला म्हणाले, "अन् टब सडले न्हाईत."